नोंदवहीला घाबरणारा समाज

अमेरिकेत सरकारदरबारी वजन टाकणाऱ्या कंपन्यांना दर तीन महिन्यांनी एक कागद भरून द्यावा लागतो. केंद्र सरकारकडे आपलं म्हणणं रेटण्यासाठी या तिमाहीत किती डॉलर खर्च केले, कोणत्या विधेयकासाठी, कोणत्या खात्याशी बोललो, बोलायला कोणाला नेमलं, हे त्यात लिहायचं. अशी माहिती देण्याचं बंधन १९९५ च्या कायद्याने आलं आणि तो कागद कोणालाही घरबसल्या वाचता येतो. म्हणून आपल्याला ठाऊक आहे, की फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीने २०२४ या एका वर्षात वॉशिंग्टनमधल्या लॉबिंगवर सुमारे २ कोटी ४४ लाख डॉलर खर्च केले. आपल्या रुपयांत दोनशे कोटींच्या वर. गूगलच्या मूळ कंपनीने २०१८ मध्ये आणि ॲमेझॉनने २०२२ मध्ये प्रत्येकी २ कोटी १० लाख डॉलरच्या पुढे मजल मारली होती.

भाईंदरजवळच्या आमच्या मुर्धा गावाच्या बसथांब्यावर हा आकडा कोणाला सांगितला, तर उद्गार ठरलेला: ‘बघा, तिकडेही आपल्यासारखंच चालतं.’ म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान असतं. सगळं जगच बरबटलेलं आहे म्हटलं, की स्वतःचे हात धुवायची गरज उरत नाही. मला या समाधानाची चीड येते. तिकडे पैशाचा जोर आहे, आज खासदार असलेला माणूस उद्या कंपन्यांची वकिली करायला लागतो, कायदे धनवंतांच्या सोयीने वाकतात, हे सगळं खरं. पण त्या पापाची निदान पावती फाडली जाते. आपल्याकडे पावतीपुस्तकच छापलेलं नाही. मेटाचे सर्वांत जास्त ग्राहक भारतात आहेत. भाईंदर स्टेशनपासून उत्तनपर्यंत मासळीची ऑर्डर, लग्नाचं आमंत्रण आणि मयताची बातमी त्याच एका व्हॉट्सॲपवर फिरते. त्या कंपनीने दिल्लीत आपलं म्हणणं पटवायला गेल्या वर्षी किती खर्च केला? मुंबईत मंत्रालयाच्या कोणत्या मजल्यावर तिची माणसं जाऊन आली? याचं उत्तर कोणी कुलूपबंद करून ठेवलेलं नाही. ते लिहून घ्यायला हवं, असा कायदाच आपण कधी मागितलेला नाही.

आणि न मागण्यामागे अडाणीपणा नाही. वही उघडली तर तिच्यात आपलंही नाव निघेल, ही धास्ती आहे. कंपनी नफ्यासाठी जन्माला येते आणि नफ्यासाठी ती सरकारचा उंबरठा झिजवणार, यात नवल नाही. माझी फिर्याद तिच्यावर नाही, तुमच्या-माझ्यावर आहे.

दाभोळ आठवा. गुहागर तालुक्यातल्या त्या वीज प्रकल्पासाठी एन्रॉन कंपनीने १९९२ मध्ये महाराष्ट्राशी बोलणी सुरू केली, १९९३ च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. किती महाग वीज, किती वर्षांसाठी, कोणत्या हमीवर, हे विधानसभेत बसलेल्यांनाही धड कळत नव्हतं. १९९५ मध्ये कंपनीच्या एक वरिष्ठ अधिकारी लिंडा पॉवर्स अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्षीला बसल्या आणि शांतपणे सांगून गेल्या, की या प्रकल्पाच्या जडणघडणीत भारतीयांना ‘शिक्षित’ करण्यावर आम्ही २ कोटी डॉलर खर्च केले. लाच दिली असं त्या म्हणाल्या नाहीत आणि तशी ती न्यायालयात शाबीतही झाली नाही. पण २ कोटी डॉलरचं शिक्षण घेतलेले विद्यार्थी कोण होते, हे शोधून काढायची जिद्द महाराष्ट्राने किती दाखवली? त्याच वर्षी सरकार बदललं. ‘एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू’ या गर्जनेवर निवडून आलेल्यांनी ऑगस्टमध्ये करार रद्द केला आणि पुढचं वर्ष उजाडता उजाडता नवा करार करून त्याच कंपनीला पुन्हा पाटावर बसवलं. मधल्या महिन्यांत कोण कोणाला भेटलं, काय ठरलं, याची गोष्ट महाराष्ट्राने चवीने चघळली, कागद मागितला नाही. गुहागरच्या गावांतल्या बायाबापड्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले. बाकीच्या महाराष्ट्राला ते कोकणातलं भांडण वाटलं. मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली. वीज मंडळाच्या डोक्यावरचं ओझं मात्र आपल्याच बिलांतून फिटलं.

त्या २ कोटी डॉलरची गोष्ट आपल्याला कळली ती कुठून? अमेरिकेच्या संसदेच्या दप्तरातून. पुढे २०१२ मध्ये किरकोळ व्यापारात परदेशी गुंतवणुकीचा वाद पेटला असताना बाहेर आलं, की वॉलमार्टने २००८ पासून लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले आहेत आणि ज्या विषयांसाठी केले त्यांत भारताची बाजारपेठ उघडून घेणं हाही एक आहे. आपल्या संसदेत गोंधळ झाला, निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती बसली. हे कळलं कुठून? पुन्हा अमेरिकी सिनेटच्या दप्तरातून. २०२२ च्या जुलैमध्ये उबर कंपनीचे सव्वा लाखाच्या घरातले अंतर्गत कागद जगापुढे आले. नव्या नव्या देशांत नियम आपल्या बाजूने वळवण्यासाठी सरकारांशी कसं बोलायचं, याचे आराखडे त्यांत होते आणि भारताचंही प्रकरण होतं. ते फोडले कोणी? त्या कंपनीचंच लॉबिंग सांभाळलेल्या मार्क मॅकगॅन नावाच्या माणसाने, लंडनच्या ‘गार्डियन’कडे. तीस वर्षांत तीन वेळा आपल्या देशाच्या धोरणाभोवती पैसा कसा फिरला ते आपल्याला कळलं आणि तिन्ही वेळा परक्याच्या वहीतून. यात ज्याला शरम वाटत नाही, त्याने स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाला मिठाई खायला जरूर जावं, पण भाषण करू नये.

आपल्या स्वतःच्या वहीची अवस्था काय आहे? २०२१ मध्ये बातमी आली, की ॲमेझॉनच्या भारतातल्या कंपन्यांनी दोन वर्षांत साडेआठ हजार कोटी रुपये ‘कायदेशीर’ खर्चात दाखवले. व्यापाऱ्यांच्या संघटनेने लाचखोरीचा आरोप केला. कंपनीने खुलासा केला, की हा आकडा कायदेशीर आणि इतर व्यावसायिक सेवांचा मिळून आहे, वकिलांची फी त्याचा लहानसा तुकडा आहे. खुलासा खरा असेल. माझा मुद्दा निराळा. आरोप करणाऱ्याला आकड्याची फोड माहीत नाही, वाचणाऱ्याला नाही, आणि या दोघांमधला वाद मिटवील अशी एक ओळसुद्धा कोणत्या कायद्याने लिहून घेतलेली नाही. शाळेला चार बाकं दिली तर कंपनीला सामाजिक दायित्वाच्या हिशेबात ती दाखवावी लागतात. मंत्र्याच्या दालनात चार तास बसून आली, तर ते कुठेच दाखवावं लागत नाही. २०१३ मध्ये ओडिशाचे खासदार कलिकेश सिंह देव यांनी लॉबिंगची माहिती जाहीर करायला लावणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. ते मांडलं गेलं हेसुद्धा किती जणांना माहीत आहे? त्याचा कायदा झाला नाही, आणि तो का झाला नाही म्हणून महाराष्ट्राच्या अठ्ठेचाळीस खासदारांपैकी एकालाही मतदारसंघात कोणी अडवलं असेल, असं मला वाटत नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सरकारला जाऊन आपलं म्हणणं सांगणं हे पाप नव्हे. या प्रांताचं सार्वजनिक जीवनच त्यातून उभं राहिलं. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा तिने नियम केला, की सभासद व्हायचं तर किमान ५० माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणा. तू कोणाच्या वतीने बोलतोस, ते आधी कागदावर दाखव. मग न्यायमूर्ती रानड्यांच्या काळात त्याच सभेने अर्जांमागून अर्ज सरकारकडे धाडले आणि आपल्या त्रैमासिकात सगळं छापलं. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीने द्या, ही त्यांची मागणी आपण आजही वाचू शकतो, कारण ती नावानिशी दिलेली होती. दादाभाई विलायतेत समित्यांपुढे साक्ष देत, ती छापून निघे. या माणसांकडे पैसा नव्हता म्हणून ती उजेडात बोलली, असं कोणी म्हणेल. तसं नाही. आपण कोणासाठी बोलतो हे सांगायला त्यांना संकोच नव्हता.

त्याच १८७० साली इकडे आमच्या शेजारी दुसऱ्याच प्रकारचा कागद होत होता. भाईंदर, मिरे, घोडबंदर इथल्या हजारो एकर जमिनी ब्रिटिश सरकारने एका धनिकाला ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या. पुढे ते हक्क एका खासगी कंपनीकडे गेले. त्या जमिनी कसणाऱ्यांच्या, त्या मिठागरांत राबणाऱ्यांच्या चार-पाच पिढ्या त्या एका सहीशी भांडत आल्या आहेत आणि आज तिथे घर घेणाऱ्यालाही त्या कागदाची सावली लागते. सही होताना खाचरात उभा असलेला माणूस खोलीत नव्हता. दूरच्या खोलीतल्या बोलण्याचं मोल काय असतं, हे आमच्या पट्टीला कोणी पुस्तकातून शिकवायला नको होतं. तरी आम्ही शिकलो नाही.

एकदा मात्र वही उघडी होती आणि तेव्हा काय झालं ते पाहण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर आपली मोफत इंटरनेटची योजना सहा राज्यांत आणली. महाराष्ट्र त्यांतलं एक. पुढे तिचं नाव ‘फ्री बेसिक्स’ झालं. गरिबाला फुकट इंटरनेट, पण कोणत्या वेबसाइट फुकट ते फेसबुकच्या दारातून ठरणार. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबरात लोकांची मतं मागवली: डेटासाठी वेगवेगळे दर लावू द्यावेत का? मग जो पैसा ओतला गेला तो आपण सगळ्यांनी पाहिला. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती, रस्त्यावर फलक. मार्क झुकेरबर्ग यांनी स्वतः इंग्रजी दैनिकात लेख लिहिला आणि त्यात महाराष्ट्रातला एक शेतकरी साक्षीला उभा केला, की बघा, याला आमच्या योजनेतून पावसाचा अंदाज कळतो. फेसबुक उघडलं की समोर बटण येई. दाबलं की तुमच्या नावाने ट्रायला तयार पत्र जाई.

आणि आपण दाबलं. मिसरूड फुटलेल्या पोरांपासून निवृत्त मुख्याध्यापकांपर्यंत लाखोंनी दाबलं. ट्रायकडे २४ लाखांच्या घरात प्रतिसाद गेले आणि त्यांतले बहुतेक या साच्यातले होते. ट्रायने विचारलं होतं दराबद्दल. पत्रात होतं, ‘मी फ्री बेसिक्सला पाठिंबा देतो.’ प्रश्न काय आहे ते न वाचता उत्तरावर सही करणारे हे सुशिक्षित लोक होते. अंगठा उठवणाऱ्या आजोबांना सावकाराने फसवलं म्हणून आपण हळहळतो. आजोबांना निदान अक्षर येत नव्हतं. ट्रायने या प्रकाराला धरूनबांधून घडवलेल्या जनमत चाचणीसारखं ठरवलं, मतं मोजली नाहीत, मुद्दे तपासले. दुसऱ्या बाजूने काही मूठभर तरुणांनी, वकिलांनी, प्राध्यापकांनी मुद्देसूद लिहिलं होतं. ८ फेब्रुवारी २०१६ ला निर्णय आला: वेबसाइट पाहून दर बदलता येणार नाहीत, मोडाल तर दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. चार दिवसांच्या आत योजना भारतातून उठली. जगातली एक अतिश्रीमंत कंपनी हरली, कारण ट्राय कोणाचं म्हणणं काय आलं ते नावासकट जाहीर करते आणि त्यावर उलट उत्तर द्यायला मुदत देते. उजेडात पैशाचं वजन कमी भरतं, याचा आपल्या देशातला हा दाखला आहे. तरीही त्या मोहिमेवर किती खर्च झाला ते कंपनीने लिहून द्यावं, असा नियम तेव्हा नव्हता आणि आजही नाही.

या दाखल्यावरून आपण काय घेतलं? काहीच नाही. नागरिकाच्या खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा घ्या. यापेक्षा घरातली गोष्ट कोणती? तुमचा नंबर, तुमचा चेहरा, तुमच्या मुलीचा शाळेचा दाखला. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला, २०१९ मध्ये विधेयक आलं, २०२२ च्या ऑगस्टमध्ये मागे घेतलं गेलं, नोव्हेंबरात नवा मसुदा आला. लोकांकडून सूचना मागवल्या आणि सोबत सांगितलं, की आलेल्या सूचना विश्वासाने जपून ठेवल्या जातील, जाहीर होणार नाहीत. म्हणजे मुर्ध्याच्या शिक्षकाने काय लिहिलं आणि कॅलिफोर्नियाच्या कंपनीने काय लिहिलं, दोन्ही एकाच पेटीत आणि पेटीची किल्ली खात्याकडे. कोणतं कलम कोणाच्या शब्दावरून आलं, कोणतं कोणाच्या शब्दावरून गेलं, हे पडताळायची सोयच बंद. २०२३ मध्ये कायदा झाला, आणि त्याने जाता जाता माहिती अधिकाराच्या कायद्यातलं व्यक्तिगत माहितीचं कलम असं बदललं, की अधिकाऱ्याला ‘ही व्यक्तिगत माहिती आहे’ म्हणून नाकारणं सोपं व्हावं. व्यापक जनहिताचा मार्ग दुसऱ्या पोटकलमात शिल्लक आहे खरा, पण आपला अर्जदार तिथवर पोचेतो दमलेला असतो. ज्या महाराष्ट्राने माहिती अधिकारासाठी उपोषणं पाहिली, २००५ च्या देशव्यापी कायद्याआधी स्वतःचा कायदा केला, त्या महाराष्ट्रात या बदलावर किती सभा झाल्या?

मीरा रोडला जुलै २०२५ मध्ये मराठीच्या मानासाठी हजारो माणसं रस्त्यावर आली. योग्य केलं, भाषेचा अपमान गिळायचा नसतो. पण त्याच भाषेचा आणखी एक अपमान रोज होतो आणि त्यासाठी चार माणसं जमत नाहीत. केंद्राचे मसुदे आधी इंग्रजीत निघतात. कंपनीचा वकील तासाभरात त्यावर खुणा करून बसतो. आमच्या शेजारच्या राई-मोर्व्याच्या माणसाला मसुदा निघाल्याचंच मुदत संपल्यावर कळतं. २०२० मध्ये पर्यावरण परिणामांच्या नियमांचा मसुदा देशातल्या भाषांत भाषांतरित करा, हे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. तो खटला कोणत्याही भाषाभिमानी पक्षाने लढवलेला नव्हता, पर्यावरणासाठी झटणाऱ्या एका कार्यकर्त्याने लढवला. दुकानाच्या पाटीवर मराठी हवी, हे आपल्याला कळलं. ज्या कागदावरून दुकान राहील की जाईल ते ठरतं, त्यावर मराठी हवी, हे अजून कळायचं आहे.

पैशाची वही एकदा सर्वोच्च न्यायालयाने उघडूनही दिली. २०१७ मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली गेली, पाठोपाठ निवडणूक रोखे आले, देणाऱ्याचं नाव मतदारापासून झाकलं गेलं. १५ फेब्रुवारी २०२४ ला न्यायालयाने हे सगळं घटनाबाह्य ठरवलं. मार्चमध्ये नावं आली: कोणत्या कंपनीने किती कोटींचे रोखे घेतले, ते कोणत्या पक्षाने वटवले. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. आता तरी गावागावांत याद्या वाचल्या जातील, प्रचारसभेत कोणी उभं राहून विचारील, असं वाटणाऱ्यांत मी होतो. आपण याद्यांचे फोटो पुढे पाठवले. त्यातही प्रत्येकाने दुसऱ्याच्या पक्षाचं पान पाठवलं. आपल्या पक्षाचं पान कोणी पाठवल्याचं मला आठवत नाही.

म्हणून म्हणतो, रोग दिल्लीत नाही. आपल्या घरात सकाळी उठल्यापासून लॉबिंगच चालतं, फक्त त्याला आपण ओळख म्हणतो. मुलाला शाळेत प्रवेश हवा, ओळख. सातबाऱ्यावर नाव चढवायचं, तलाठ्याकडे ओळख. हॉस्पिटलात खाट हवी, नगरसेवकाची चिठ्ठी. रांगेत उभा राहतो तो बावळट, आणि मागच्या दाराने जाऊन येतो त्याचं संध्याकाळी कौतुक: ‘बराच वट आहे याचा.’ मुलीला स्थळ पाहताना मुलाचा पगार विचारतात, मग घराण्याची पोच विचारतात. निवडणूक आली की सोसायटीचे पदाधिकारी उमेदवाराकडे जातात: इमारतीला रंग, आवारात पेव्हर ब्लॉक, पाण्याची टाकी. अडीचशे मतांचा गठ्ठा, मोबदल्यात रंग. याची पावती कोणी घेतो? सभेच्या इतिवृत्तात कोणी लिहितो? ज्याने आपल्या मजल्यावरच्या टाइल्ससाठी हा सौदा केला, तो मेटाने दोनशे कोटींचा सौदा कसा केला हे कोणत्या तोंडाने विचारणार? आणि जो मजूर दोन हजार रुपये घेऊन मत देतो त्याला आपण गावभर शिव्या घालतो. त्याला निदान भूक होती.

मुर्धा गावाचंच बोलू, दुसऱ्याच्या गावाला नावं ठेवणं सोपं असतं. दहिसरहून मीरा-भाईंदरला येणाऱ्या मेट्रो ९ ची कारशेड आधी राई, मुर्धा, मोर्वा या पट्ट्यात व्हायची होती. शेती जाणार, घरं जाणार. गावं उठली. हरकती दिल्या, मोर्चे काढले, पुढाऱ्यांना गावात बोलावून जाब विचारला. हे सगळं उघड्यावर झालं आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. मग कारशेड हलली. कुठे? आमच्याच रस्त्याने पुढे, डोंगरीला. तिथल्या टेकडीवरच्या अकरा-बारा हजार झाडांचा हिशेब मांडला गेला आणि मग त्या बाजूच्या लोकांनी, शहरातल्या पर्यावरणवाद्यांनी हरकती द्यायला सुरुवात केली. तेव्हा मुर्धा कुठे होतं? घरी. ‘आपल्यावरची बला टळली.’ जागा बदलताना कोणत्या बैठकीत काय बोललं गेलं, कोणाचा शब्द पडला, डोंगरीच्या माणसाला त्या खोलीत बोलावलं होतं का, हे आपण विचारलं नाही. २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला होता, म्हणजे सभागृहात प्रश्न करायला निवडून आलेला माणूसही नव्हता. त्यामुळे गावाने विचारणं जास्तच गरजेचं होतं. पण निर्णय आपल्या बाजूने लागला, की तो कसा लागला हे विचारायचं नाही, हा आपला धर्म. ज्या कंपन्यांवर आपण चिडतो, त्यांचाही धर्म नेमका हाच आहे.

नोंद नको असं सरकारला वाटतं, असं मात्र समजू नका. मंत्रालयाच्या दारात नोंद कडेकोट आहे. आता तिथे चेहरा ओळखणारी यंत्रं आहेत, प्रवेशासाठी मोबाइलवर ॲप आहे, कोणत्या खात्यात जायचं ते आधी सांगावं लागतं. जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या धुळे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने २०१८ च्या जानेवारीत त्याच इमारतीत विष घेतलं. त्यानंतर सरकारने तिथे, वरून कोणी उडी टाकू नये म्हणून, जाळी बांधली. जाळीसाठी पैसे होते, बांधायला माणसं होती, फार दिवसही लागले नाहीत. शेतकऱ्याचा चेहरा, वेळ, मजला सगळं संगणकात असतं. मग मंत्र्यांना आणि सचिवांना भेटलेल्या कंपन्यांच्या माणसांची यादी दर महिन्याला त्याच संगणकातून काढून लोकांपुढे ठेवायला काय अडचण आहे? युरोपीय संघाच्या आयोगाचे आयुक्त अशा भेटी जाहीर करतात. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही. मसुद्यावर आलेली सगळी मतं ट्राय जाहीर करते तशी प्रत्येक खात्याने करावी, मसुदा मराठीत यावा, कंपन्यांनी ताळेबंदात सरकारशी बोलण्याचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवावा. एवढंच मागायचं आहे आणि मागणारा नाही.

दिल्लीला आणि मंत्रालयाला वेळ लागेल म्हणणाऱ्यांसाठी गावातच करता येण्याजोगं एक काम आहे. विकास आराखड्यातला रस्ता असो, गावठाणाची हद्द असो, उद्या येणारा दुसरा कोणता प्रकल्प असो. गावाच्या वतीने जो कोणी आमदाराला, आयुक्ताला, बिल्डरला भेटून येईल, त्याने त्याच संध्याकाळी देवळाच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहावं: कोणाला भेटलो, सोबत कोण होतं, काय मागितलं, बदल्यात काय कबूल केलं, जेवणाचे पैसे कोणी दिले. खडू मी देतो. फळा लावण्याचा विषय मी गेल्या गणपतीत काढला, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकाने विचारलं, की आधी होऊन गेलेल्या भेटीही लिहायच्या का? तेव्हापासून भिंत ओली आहे, पावसाळा जाऊ दे, असं चाललं आहे.